पहिला गड लोहगड: मळवली स्टेशन ते विंचूकाटा

दिवाळीचा फराळ संपत आला की नात्यातलं, सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारतंच, "दादा, आजवर एकही गड चढलो नाही. कुठून सुरुवात करू?" विचारणाऱ्याच्या मोबाईलमध्ये तोवर हरिहरच्या उभ्या पायऱ्यांचा नाहीतर कलावंतिणीच्या सुळक्याचा व्हिडिओ येऊन पडलेला असतो. मी व्हिडिओ बघतो, "छान आहे" म्हणतो आणि त्याला लोणावळ्याजवळच्या लोहगडाला पाठवतो.

थोडा हिरमोड होतो. लोहगड म्हणजे शाळेच्या सहलीचा गड, तिथे काय ट्रेक, असा सूर लागतो. पण पुण्या-मुंबईच्या माणसाने पहिल्यांदा जायला याहून सोयीचा आणि याहून भरलेला गड मला तरी माहीत नाही. रेल्वेने जाता येतं. वाट चुकायची भीती जवळजवळ नाही. पायथ्याच्या वाडीत गरम जेवण मिळतं. आणि मुख्य म्हणजे वर अवशेष आहेत. नुसता डोंगर आणि फोटोपुरता एक बुरूज असा प्रकार नाही. एकामागून एक चार दरवाजे, तट, टाकी, तळी, कोठ्या सगळं जागेवर आहे. जुलै २०२५मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थापत्य म्हणून जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत हा आहे.

माझी एकच अट असते. चढताना आपण गड घ्यायला निघालोय अशा नजरेने बघायचं आणि उतरताना गड राखायला बसलोय अशा. पोरं हसतात. पण गडाच्या पहिल्या, गणेश दरवाजापाशी पोहोचली की त्यांना मी काय म्हणत होतो ते कळतं.

कधी जायचं

ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी. नोव्हेंबरात गवत सोनेरी झालेलं असतं, हवा कोरडी असते आणि लांबचं दिसतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुसरा महिना शोधू नये.

"पण पावसाळ्यातच तर मजा!" हो, असते. जुलै-ऑगस्टचा लोहगड ढगात असतो, पायऱ्यांवरून पाणी वाहतं, तट हिरवागार होतो. मात्र त्याच महिन्यांतल्या रविवारी निम्मं पुणे आणि पाव मुंबई तिथेच असते. दरवाजे बांधले ते माणसं अडवायला, आणि ते आजही आपलं काम चोख करतात. वर जाणारे आणि खाली येणारे अरुंद दरवाजात समोरासमोर आले की कुणालाच हलता येत नाही. ओल्या दगडावर, मागून रेटा असताना अडकून पडण्यात कसली मजा? पावसाळ्यातच जायचं असेल तर आठवड्याच्या मधला दिवस घ्या, सकाळी आठच्या आत पायथ्याशी असा आणि प्रशासनाने त्या आठवड्यात काही निर्बंध घातलेत का ते आदल्या दिवशी बातम्यांत बघा. लोणावळा-मावळ भागात असे निर्बंध अधूनमधून येतात.

मार्च ते मे जाऊ नये असं नाही, पण अकराच्या आत खाली यायची तयारी ठेवा. वर सावली फार थोडी आहे.

शनिवार की रविवार? शनिवार. दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात, तेव्हा घरी असलेलं बरं.

आदल्या दिवशी

बूट. इथे मी जरा लांबण लावणार आहे, कारण माझा पहिला गड बुटांनी नासवला होता. नवे कोरे बूट, डबा सकाळी उघडला आणि थेट मळवलीला उतरलो. वाटेतल्या भाजे गावापर्यंत टाच हुळहुळायला लागली, वरच्या खिंडीपर्यंत फोड आला, आणि उतरताना मोजे पायात ठेवून हातात बूट घेतलेला मी वाडीतल्या पोरांच्या करमणुकीचा विषय झालो होतो. तेव्हा बूट घ्या ते आठ-दहा दिवस आधी आणि घालून फिरा. महागड्या परदेशी बुटांची गरज नाही. तळाला खोल खाचा आणि चांगली पकड असलेला कुठलाही बूट चालतो. सह्याद्रीत अर्धी पब्लिक वर्षानुवर्षं अ‍ॅक्शनचे ट्रेकिंग बूट घालून फिरते आहे. गुळगुळीत तळाचे जॉगिंगचे बूट मात्र नकोत. दगडी पायऱ्या लाखो पावलांनी झिजून गुळगुळीत झाल्यात, त्यात मुरमाची बारीक खडी पसरलेली असते, आणि असा बूट त्यावर सरळ घसरतो. पायाची नखं आदल्या रात्री कापा. उतारावर अंगठा बुटाच्या टोकाला आदळत राहतो, नख वाढलेलं असलं तर काळं पडतं.

पाणी माणशी दोन लिटर, उन्हाळ्यात तीन. बाकी पाठपिशवीत काय? टोपी, छोटी बॅटरी, शिट्टी, नॅपकिन, चिकटपट्ट्या आणि क्रेप बँडेज, स्वतःची नेहमीची औषधं, मीठ-साखरेचं पाकीट, थोडे सुटे पैसे, कचऱ्यासाठी एक रिकामी पिशवी. मोबाईलची बॅटरी पूर्ण भरलेली हवी, कारण खिंडीत आणि गडाच्या मागच्या बाजूला रेंज शोधता शोधता ती भराभर उतरते. पिशवी दोन्ही खांद्यांवर बसणारी असावी. एका खांद्याची शबनम किंवा हातातली थैली नको. हात मोकळे लागतात.

खायला घरचं. दशम्या, धपाटे, गूळ-शेंगदाणे, खजूर, संत्री. वेफर्सची पाकिटं नेऊच नका. एकतर तहान वाढते, दुसरं म्हणजे माकडं. लोहगडावरच्या माकडांना पाकिटाचा कुरकुर आवाज बरोबर कळतो, आणि मग पाकीट तुमचं राहत नाही.

अत्तर, परफ्यूम लावून येऊ नका. कातळकड्यांना आग्यामोहोळं असतात. उग्र वास, धूर, आरडाओरडा यांनी मधमाश्या उठतात, आणि उठल्या की पळायला गडावर जागा नसते. सिगारेटही त्याच कारणाने नाही. उठल्याच तर हात झटकू नका. नाकतोंड ओढणीने, टॉवेलने झाका आणि तिथून लांब जा.

घरच्या एका माणसाला सांगून निघा: कुठला गड, कुठून चढणार, किती वाजता परत. "लोणावळ्याला चाललोय" एवढं पुरत नाही.

मळवलीला पोहोचणं

पुणेकरांचं काम सोपं आहे. पुणे स्टेशन किंवा शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडायची आणि कामशेतनंतरच्या स्टेशनावर उतरायचं. शक्य तितकी पहाटेची लोकल घ्या. मुंबईहून येणाऱ्यांनी एक्सप्रेस गाडीने लोणावळा गाठायचं (इंद्रायणी पहाटे सुटते, ती सोयीची) आणि तिथून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलने एकच स्टेशन पुढे. एक्सप्रेस गाड्या मळवलीला थांबत नाहीत. दर वेळी कुणीतरी खिडकीतून मागे पडणाऱ्या मळवलीकडे बघत पुढे निघून जातं.

परतीच्या लोकलची वेळ सकाळीच बघून ठेवा. या मार्गावर लोकल मुंबईसारख्या दर पाच मिनिटांनी नसतात. एक चुकली तर बराच वेळ फलाटावर काढावा लागतो.

गाडीने थेट पायथ्याच्या लोहगडवाडीपर्यंत डांबरी रस्ता आहे. लहान मुलं किंवा गुडघेदुखीवाले बरोबर असतील तर तसं जा, संकोच नको. फक्त भाज्यापासून वर घाटाची वळणं चढी आहेत, सुट्टीच्या दिवशी वर गाड्या तुंबतात आणि नवशिक्या चालकाचा क्लच तिथेच जळतो. बाकीच्यांनी मळवलीपासून चालावं. पहिल्या तासात पाय आणि दम एकमेकांना ओळखतात. गाडीतून उतरून थेट पायऱ्यांना भिडलं की दहाव्या मिनिटाला छाती भरते.

स्टेशन ते लोहगडवाडी

मळवलीला उतरून रुळांच्या दक्षिणेला यायचं. समोर भिंतीसारखा आडवा पसरलेला डोंगर दिसतो तो विसापूर. लोहगड त्याच्या पलीकडे, उजव्या अंगाला. पुलावरून द्रुतगती महामार्ग ओलांडला की भाजे गाव येतं. इथे शेवटचा चहा घ्या.

भाजे लेणी रस्त्यालगतच्या डोंगरात आहेत. सकाळी घाई असेल तर परतताना बघा, पण टाळू नका. इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासची ही कोरीव कामं, बावीस लेणी, आणि मधलं चैत्यगृह बघताना मान आपोआप वर जाते, कारण दगडी छताला आतून खऱ्या लाकडाच्या कमानी लावलेल्या आहेत. गडाशी त्यांचं नातं काय? कोकणातल्या बंदरांवरून माल घाट चढून वर येई, तो याच पट्ट्यातून पुढे जाई. वाटेवर आधी लेणी आली आणि त्या वाटेवर नजर ठेवायला नंतर गड आले. पलीकडच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आणि एकवीरा आई आहे, तीही त्याच रहदारीच्या काठावर.

भाज्यापासून चढ सुरू होतो. आता चालायचं कसं ते. पहिल्या अर्ध्या तासात मुद्दाम हळू चाला, इतकं हळू की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे. पाऊल लहान, पूर्ण तळवा टेकवून. दम लागला तर उभ्यानेच थांबा, दोन मिनिटं, आणि पुढे व्हा. दर वळणावर बसकण मारली की पाय गार पडतात आणि उठताना दुप्पट जड होतात. पाणी तहान लागायच्या आधी, दोन-दोन घोट. गटातल्या सगळ्यात हळू माणसाला पुढे ठेवा आणि वाट माहीत असलेला एक जण कायम शेवटी. हा नियम पाळला तर कुणी मागे राहत नाही आणि मागे राहिल्याचं वाईटही वाटत नाही.

तासाभरात गायमुख खिंड येते. दोन गडांच्या मधली ही खाच. उजवीकडे लोहगड, डावीकडे विसापूर. इथे जरा थांबा आणि दोन्ही डोंगरांकडे आळीपाळीने बघून घ्या. विसापूर लोहगडापेक्षा थोडा उंच आहे, आणि अगदी जवळ. हे ध्यानात ठेवा, वर गेल्यावर कामाला येईल.

खिंडीतून उजवीकडच्या रस्त्याने थोडक्यात लोहगडवाडी. वाडीत शिरल्यावर पहिलं काम जेवण सांगणं: "मावशी, चौघांचं पिठलं-भाकरी ठेवा, एकपर्यंत येतो." आधी सांगितलं की भाकरी ताजी आणि तुमच्या नावाची. दुसरं काम बाथरूमला जाऊन येणं. वर सोय धरून चालू नका. गडाची देखभाल भारतीय पुरातत्त्व खात्याकडे आहे, पायथ्याला तिकीट घ्यावं लागतं.

चार दरवाजे

वाडीपासून वर तीन-चारशे पायऱ्या. न थांबता पाऊण तास. पण न थांबता जायचं नाही.

आता तुम्ही शत्रू आहात. हातात तलवार, पाठीवर ढाल, वर ऊन. पहिला लागतो गणेश दरवाजा. त्याच्याकडे सरळ येता येत नाही, वाट वळून येते. हत्तीला धाव घेऊन दरवाजावर धडक मारता येऊ नये, ओंडक्याने दार फोडायला जागा मिळू नये, म्हणून दारासमोर मोकळं अंगण ठेवलेलंच नाही. मान वर केलीत तर पुढचा दरवाजा डोक्यावर दिसतो आणि त्याच्या तटावरून तुमच्यावर नेम धरणारा माणूस कुठे उभा असेल तेही दिसतं. तटातल्या बारीक, तिरप्या भोकांना जंग्या म्हणतात. आतून बंदूक रोखायला ऐसपैस, बाहेरून नेम धरायला जेमतेम बोटभर. एका जंगीला आतून डोळा लावून बघा. तुम्ही आत्ताच ज्या पायऱ्यांवर धापा टाकत होतात, नेमक्या त्याच समोर येतात.

पुढे नारायण दरवाजा, मग हनुमान दरवाजा, मग महादरवाजा. गडावरचा सगळ्यात जुना दरवाजा हनुमान दरवाजा मानतात. नारायण आणि महादरवाजा नाना फडणवीसांच्या काळातले, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. म्हणजे आपण चढतो ती वाट एका झटक्यात बांधलेली नाही. जुन्या दाराच्या अलीकडे-पलीकडे नवी दारं घालत गड जाड होत गेला. नारायण दरवाजापाशी धान्य साठवायचं भुयार आहे. प्रत्येक दरवाजाच्या आत दोन्ही हातांना पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा आहेत, त्या देवड्या. त्यात बसा. उन्हातून आल्यावर तिथला गारवा अंगावर येतो आणि पहाऱ्याची नोकरी इतकी वाईट नसावी असं वाटतं. कमानीच्या मागे भिंतीत समोरासमोर चौकोनी भोकं आहेत, दार आतून बंद करायचा लाकडी अडसर त्यात सरकत असे. हात घालून खोली बघायचा मोह आवरा. विंचू, इंगळी, फुरसं यांना अशीच जागा आवडते.

महादरवाजातून आत गेल्यावर परत फिरून तटाच्या कडेने खाली बघा. सापाने वेटोळं घातल्यासारखी वळणं घेत आलेली वाट आणि तिच्यावर एकावर एक बसलेले दरवाजे एका नजरेत दिसतात. लोहगडाचा हाच फोटो सगळीकडे असतो. फोटो काढा, पण तटावर चढून नाही. तटाचे दगड दिसतात घट्ट, पण चुना केव्हाच निघून गेलाय.

मग एवढा भक्कम गड पडला कसा?

पडला तो या दरवाजांतून नाही. १४८९च्या सुमारास तो निजामशाहीत गेला, पुढे आदिलशाहीत, मग शिवाजी महाराजांकडे. १६६५च्या पुरंदरच्या तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत हाही गेला आणि १६७०मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. शेवट आला १८१८च्या मार्चमध्ये. इंग्रजांनी लोहगडाला हातच लावला नाही. त्यांनी आधी शेजारचा, उंच विसापूर घेतला. तिथून तोफांचं तोंड इकडे वळल्यावर लोहगड लढवण्यात अर्थ उरला नाही आणि दुसऱ्याच दिवशी तो रिकामा झाला. खिंडीत थांबून दोन्ही डोंगर बघायला सांगितले होते ते यासाठी.

वर गेल्यावर

माथा लांबट आणि मोकळा आहे. आत शिरल्यावर जवळच एक दर्गा लागतो, आजूबाजूला सदर आणि लोहारखान्याचे पडके चौथरे. त्याच बाजूला चुन्याचा घाणा: जमिनीत गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं दगडी चाक. चुना, वाळू टाकून बैल जुंपायचे आणि तासन्‌तास मळायचे. बांधकामाचं मिक्सरच म्हणा. लहान मुलांना हे पटकन कळतं, मोठी माणसं त्यावर पाय ठेवून फोटो काढतात.

थोडं पुढे लक्ष्मी कोठी, कातळात खोदलेली, आत अनेक खोल्या. सुरतेहून आणलेली लूट काही काळ लोहगडावर ठेवली होती असं सांगतात आणि बोट या कोठीकडे दाखवतात. आत अंधार असतो, बॅटरी आता काढा. आत बसून खाऊ नका.

पण मला विचाराल तर गडावर बघायची गोष्ट पाणी. गड राखणाऱ्या माणसांची शिबंदी, घोडी, गुरं वर्षभर या उंचीवर जगवायची तर पाऊस हाच एक मार्ग, आणि तो चार महिने. म्हणून उताराच्या पोटात, पाणी आपोआप वाहून येईल तिथे टाकी खोदली. टाकी खोदताना निघालेला दगड तटाला वापरला. एकाच खर्चात दोन कामं. शिवमंदिराजवळचं छोटं तळं बघा आणि मग थोडं चालून नाना फडणवीसांनी बांधलेलं सोळा कोनी तळं गाठा. काठावर बसून कोन मोजण्याचा खेळ प्रत्येक गटात होतो आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. पाणी पिऊ नका. कधीकाळी पीत असत, आता ते साठलेलं आणि प्लॅस्टिकने विटाळलेलं आहे. पोहायला उतरू नका. काठ शेवाळलेला असतो, आत पाऊल टेकेल असं नसतं, आणि गडांवर जीव जातात त्यांतले बरेच असेच जातात.

तळ्यावरून पश्चिमेला विंचूकाटा. डोंगराची चिंचोळी सोंड सुमारे दीड किलोमीटर पुढे गेलीय, वरून विंचवाच्या नांगीसारखी दिसते, म्हणून हे नाव. तिच्यावर जायला गडाच्या टोकाला कातळातला एक छोटा टप्पा उतरावा लागतो. इथे तोंड डोंगराकडे, पाठ दरीकडे ठेवून, दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन कायम दगडावर ठेवत उतरा. दगड ओला असेल किंवा वारा ढकलत असेल तर उतरूच नका, वरूनही दिसतं. सोंडेला तट बांधलेला आहे, टोकापर्यंत. इतक्या लांब तट कशाला? तिथे उभं राहिल्यावर एका बाजूला इंद्रायणीचं खोरं, बोरघाटाकडची वाट, दुसऱ्या बाजूला पवनेचा जलाशय, पाण्यापलीकडे तुंग आणि तिकोना हे गड. घाट चढून येणारी फौज असो वा बैलांचा तांडा, इथल्या पहारेकऱ्याने पाहिल्याशिवाय मावळात शिरणं शक्य नव्हतं.

विंचूकाट्याच्या कडेला बसून पाय दरीत सोडायची स्पर्धा चालते. कडेपासून एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर ठेवा. सेल्फी काढताना मागे सरकायचं नाही, पुढे यायचं.

आणखी दोन गोष्टी चटकन. भिंतीवर नाव कोरणं, दगड हलवणं हा संरक्षित स्मारकांच्या कायद्याने गुन्हा आहे. ड्रोनही परवानगीशिवाय नाही. आणि स्पीकर घरी ठेवा. गडावर वाऱ्याचा आवाज पुरतो.

विसापूर: जायचं की नाही

हा निर्णय घड्याळ बघून घ्या, उत्साह बघून नाही. लोहगड उतरून वाडीत बारा वाजायच्या आत आलात, प्रत्येकाकडे लिटरभर पाणी उरलंय, कुणाचा गुडघा कुरकुरत नाही आणि आभाळ स्वच्छ आहे, तरच. चारपैकी एक गोष्ट कमी असेल तर विसापूर पुढच्या शनिवारी. तो कुठे जात नाही.

गेलात तर लोहगडापेक्षा फार वेगळा गड भेटेल. इथे सरळ पायऱ्या नाहीत. गायमुख खिंडीच्या बाजूने वाट झाडीत शिरते आणि मग दगडधोंड्यांच्या ओढ्यासारख्या घळीतून वर जाते. पावसात तिच्यातून खरंच ओढा वाहतो. वाट खिंडीत किंवा वाडीत विचारून घ्या, शक्यतो वाडीतला एखादा वाटाड्या बरोबर घ्या आणि त्याचे पैसे आधी ठरवा. वर दरवाजे शोधू नका. इंग्रजांनी गड घेतल्यावर ते उडवले, आता दगडांचे ढीग आहेत. तट मात्र अजून मैलभर धावतोय असं वाटतं. माथा एवढा पसरट आहे की धुक्यात चारी दिशा सारख्या दिसतात, आणि नवखी माणसं चुकतात ती इथेच. धुकं उतरलं तर फिरत राहू नका. तट गाठा, तटाला धरून आलेल्या वाटेकडे परत या. वर छप्पर उडालेल्या इमारती, पाण्याची टाकी, कातळात कोरलेले मारुती, तोफा आणि चुन्याच्या घाण्याचं एक भलंथोरलं चाक आहे. पूर्ण फेरीला दोन तास धरा आणि चारला उतरायला लागा.

मी स्वतः पहिल्या खेपेला दोन्ही गड एका दिवसात "मारले" होते. त्यातलं विसापूरचं मला काही आठवत नाही, फक्त टाच आठवते.

उतरताना

चढताना दम लागतो, पडतात माणसं उतरताना. गुडघा किंचित वाकवून, पाऊल आडवं टाकून उतरा, पायरीच्या कडेवर टाच टेकवू नका. बोलणं कमी. पोरं पळत सुटतात, त्यांना आवरा.

आणि आता तुम्ही किल्लेदार. चढताना ज्या वळणाला शिव्या दिल्या तिथे थांबून विचार करा: इथे दहा माणसं दिली तर किती जणांना अडवतील? वर महादरवाजापाशी दहा, खाली गणेश दरवाजापाशी पाच, जंग्यांमागे चार. माझ्या भाच्याने एकदा हा हिशेब पूर्ण केला आणि त्याच्या गडाला पंचवीस माणसं पुरली. मग त्यानेच मान वळवून विसापूरकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, पण तिथे पन्नास लागतील."

कुणाचा पाय मुरगळलाच तर बूट काढू नका, सूज वाढली की परत पायात जात नाही. बुटावरूनच क्रेप बँडेज आवळा, दोघांचा आधार द्या, सावकाश उतरवा. जास्त असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८. रेंज नसेल तर शिट्टी, आणि एकाला वाडीत पाठवा. वाडीतल्या लोकांना हे सगळं नवीन नसतं. साप चावला तर चिरणं, चोखणं, दोर आवळणं काही करू नका. तो भाग हलू न देता माणसाला झोपवून खाली आणा आणि थेट दवाखाना गाठा.

वाडीत पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा, वर ताक. घासाघीस करू नका. पाणी, गॅस, पीठ सगळं खालून चढवलेलं असतं. तुमची कचऱ्याची पिशवी वाडीत टाकून येऊ नका, ती तुमच्याबरोबर मळवलीला आणि तिथून घरी.

भाजे लेणी राहिली असतील तर आता, सूर्यास्ताच्या आत. मग पूल, मग स्टेशन. मळवलीला तिकीट खिडकीशी संध्याकाळी रांग लागते आणि लोकल नेमकी तेव्हाच येते. म्हणून सकाळी निघताना परतीचंही तिकीट काढून ठेवा आणि ते घामाने भिजणार नाही अशा खिशात ठेवा.